गणपतीत गुलाबाची पानं मोजा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्या शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. लेक इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बाजूला असते. त्या जूनमध्ये तिच्याकडे गेल्या असताना दोघी मिळून गुलाबांची एक मोठी बाग बघून आल्या. वाटीसारखी गोल, पाकळ्यांनी गच्च भरलेली, सुगंधी फुलं आणि कमरेएवढी झाडं. परत आल्यावर ताईंनी तसेच चार ‘इंग्लिश’ गुलाब ऑनलाइन मागवले. लेबलावर होतं, ‘कॉम्पॅक्ट, रोगप्रतिकारक’. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. दोन झाडांच्या नुसत्या काड्या उरल्यात, एकाची नवी पानं पिवळी येतात, आणि चौथं सहा फूट वाढलंय पण त्याला फूल नाही. दर रविवारी त्या औषध फवारतात. यजमानांचं मत, “ही झाडं आपल्याकडची नव्हेत, मोगरा लाव.” अंगणात सासूबाईंनी लावलेला जुना गावठी गुलाब आहे. तो काढून त्या जागी आणखी तीन इंग्लिश गुलाब लावावेत, असं ताईंच्या मनात आहे, कारण डिसेंबरात लेक महिनाभर यायची आहे. त्या विचारतात : औषध कोणतं मारू? सासूबाईंचा गुलाब काढला तर चालेल का? आणि पत्राच्या अगदी शेवटी एकच ओळ, “की माझ्या हातालाच गुण नाही?”

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण ती लिहिताना तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते मला कळतंय. तुमच्या हाताला गुण आहे. सासूबाई जाऊन चौदा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यांचा गुलाब अजून फुलतोय. त्याबद्दल तुम्ही म्हणता, “त्याला काहीच करावं लागत नाही.” पण पुढच्याच वाक्यात दिवाळीनंतर शेणखत आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी बादलीभर पाणी, हेही आहे. चौदा वर्षांच्या सवयीमुळे ते तुम्हाला ‘करणं’ वाटेनासं झालंय, इतकंच.

आता त्या लेबलाकडे येऊ. ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द आपण रंग किंवा वासासारखा धरून चालतो. म्हणजे फूल इंग्लंडात पिवळं असेल तर इंदुरातही पिवळंच, तसं झाड तिथे निरोगी तर इथेही निरोगी. माझाही कित्येक वर्षं हाच समज होता. पण झाड रोगाला दाद देतं की नाही, हे झाड, बुरशी आणि हवा या तिघांच्या मेळावर ठरतं. जिथे पारख झाली तिथल्यापुरतं ते प्रमाणपत्र खरं असतं. जर्मनीत नव्या गुलाबांची फार कडक परीक्षा घेतात. वेगवेगळ्या बागांत तीन वर्षं कुठलीही फवारणी न करता झाड वाढवायचं, आणि मगच शिक्का द्यायचा. मला त्या पद्धतीबद्दल मनापासून आदर आहे. पण त्या परीक्षेत श्रावण नसतो.

तुम्ही वर्णन केलेली बाग बहुधा श्रॉपशायरमधल्या ऑल्ब्रायटनची, म्हणजे डेव्हिड ऑस्टिन यांची. जुन्या युरोपी गुलाबांचा आकार आणि सुगंध, नव्या गुलाबांचे रंग आणि पुन्हा पुन्हा फुलायची सवय, हे सगळं एका झाडात आणायचं या ध्यासात या माणसाने (१९२६–२०१८) आयुष्य घालवलं. १९६१ मध्ये त्यांचा पहिला गुलाब आला, ‘कॉन्स्टन्स स्प्राय’. फूल देखणं, पण वर्षातून एकदाच बहरणारा. त्यांचं खरं नाव झालं ते १९८३ च्या पिवळ्या ‘ग्रॅहम थॉमस’ने. म्हणजे बावीस वर्षं गेली. आणि ही सगळी निवड झाली कुठे? जिथे जूनच्या दुपारी वीस-बावीस अंश असतात, पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि हिवाळ्यात झाड काही महिने झोपी जातं, अशा ठिकाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो, वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोसळतो, आणि झाडाला झोप अशी नाहीच.

गुलाबाचा मुख्य रोग म्हणजे काळे ठिपके. त्याची बुरशी पानावर पाणी सलग सात-आठ तास टिकलं तर आत शिरते. ऑगस्टमध्ये आपल्या अंगणात पान तीन-तीन दिवस वाळत नाही. शिवाय ही बुरशी एकाच जातीची नसते. तिचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराला पुरून उरणारा गुलाब दुसऱ्यापुढे हात टेकतो. तेव्हा दुकानदाराने तुम्हाला फसवलंच असं नाही, आणि तुम्ही चुकलात असंही नाही. लेबल तिथल्या हवेतलं होतं, एवढंच.

मग इथे ‘रोगप्रतिकारक’ कशाला म्हणायचं? मी माझ्यापुरती एक फूटपट्टी केली आहे आणि ती तुम्हाला देते. गणेशचतुर्थीला, आरती झाली की, प्रत्येक झाडाची एक ठरावीक फांदी घ्या आणि तिच्यावरची पानं मोजा. अनंत चतुर्दशीला, झाक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) बघायला निघण्याआधी, तीच फांदी पुन्हा मोजा. निम्मी पानं टिकली असतील तर ते झाड इंदुरात रोगाला तोंड देऊ शकतं, मग लेबल काही म्हणो. निम्म्याहून कमी उरली, पण छाटणीनंतर महिन्याभरात झाड पुन्हा हिरवंगार झालं, तरी ते ठेवण्याजोगं आहे. दोन वर्षं ओळीने पानं गेली आणि नवी फूटही रोडावत चालली, तर मात्र त्याला निरोप द्यायला हरकत नाही. एका वर्षावरून निकाल लावू नका. पहिल्या वर्षी झाडाची मुळंच धरलेली नसतात.

‘कॉम्पॅक्ट’चंही तेच. इंग्लंडात झाड वर्षातले सहा-सात महिने वाढतं, इथे जवळजवळ बारा महिने. तिथला चार फुटी ‘ग्रॅहम थॉमस’ उष्ण प्रदेशात आठ-दहा फुटांचा वेल होतो. लेबलावरची उंची निदान दीडपट धरूनच जागा ठरवावी.

आता तुमच्या चार झाडांकडे. सहा फुटी झाड आधी घेऊ, कारण मला त्याचा संशय आहे. खुरपीने त्याच्या बुंध्याजवळची दोन-तीन इंच माती हळूच बाजूला करा. डोळा भरला होता, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर (खुंटावर) इंग्लिश गुलाबाचा डोळा बसवून कलम केलं होतं, तिथे गाठीसारखा फुगवटा दिसेल. उंच फांदी त्या गाठीच्या वरून निघाली आहे की खालून, ते पाहा. खालून निघाली असेल तर तो तुमचा इंग्लिश गुलाब नव्हेच, खुंटाची फूट आहे. नीट पाहिलंत तर तिची पानं बाकीच्या झाडापेक्षा लहान, फिकट आणि काटे वेगळ्या घडणीचे दिसतील. अशी फूट सगळं अन्न ओढून घेते आणि वरचं कलम हळूहळू मरतं. ती सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापू नका, कापली की चार नव्या फुटतात. हातमोजे घालून, मुळाशी धरून, खालच्या दिशेने ओढून उपटा. जखम उघडी दिसली तर घाबरू नका. फूट गाठीच्या वरून असेल, तर मात्र हे झाड जोमाचं आहे. लांब फांद्या वाकवून कमानीसारख्या आडव्या बांधा. उभ्या फांदीला फुलं फक्त शेंड्यावर येतात, आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो आणि त्याला कळी धरते.

ज्याची नवी पानं पिवळी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते झाड रोगी नाही, उपाशी आहे. आपल्या काळ्या मातीत चुना जास्त असतो, त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. यात खुंटाचाही वाटा आहे. पूर्वेकडच्या नर्सऱ्यांमध्ये डोळे भरायला मल्टिफ्लोरा जातीचा खुंट सर्रास वापरतात, आणि मल्टिफ्लोराला चुनखडीची माती मानवत नाही. बोरिंगचं पाणी दिलं तर आणखी बिघडतं. या झाडाला नर्मदेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या, कंपोस्ट भरपूर घाला आणि चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल असं) लोह पाकिटावरच्या प्रमाणात मुळाशी किंवा पानांवर द्या. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली तर निदान बरोबर होतं. त्यावर तुम्ही दर रविवारी मारत होतात ते बुरशीचं औषध. त्याने लोह कुठून मिळणार?

काड्या उरलेल्या दोन झाडांची साल नखाने जरा खरवडून बघा, शेंड्याकडून खाली येत. आत हिरवं लागेल तिथून झाड जिवंत आहे. शेंड्याकडून खाली काळपट तपकिरी उतरत आली असेल तर ती शेंडेमर, जी पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागी हमखास येते. आतला गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापत खाली या, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला बोर्डो पेस्ट लावा : शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडाच्या भांड्यात अजिबात नाही.

औषधाबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. दर रविवारी एकच औषध मारणं थांबवा. एकच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते, आणि घरात लहान नातू खेळतो असंही तुम्ही लिहिलंय. काळ्या ठिपक्यांवर फवारणीचा उपयोग रोग यायच्या आधी होतो. पहिल्या पावसाच्या तोंडावर, म्हणजे जूनमध्ये, एक टक्का बोर्डो मिश्रण (दहा लिटर पाण्यात मोरचूद आणि चुना शंभर-शंभर ग्रॅम), मग जुलैच्या उघडिपीत मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, आणि गरज पडली तर ऑगस्टअखेरीस पुन्हा एकदा. वर्षाला तीन पुरेत. पान खालूनही भिजलं पाहिजे. नातवाला त्या दिवशी बागेत सोडू नका. थंडीत रात्री गार आणि दिवस कोरडे झाले की पानांवर पांढरी भुरी येते. तिचं गणित उलटं आहे. ती कोरड्या पानावर वाढते, म्हणून सकाळी साध्या पाण्याने पानं धुतली तरी बराच फरक पडतो. फारच झाली तर पाण्यात विरघळणारं गंधक, तेही ऊन नरम असताना. आणि एप्रिल-मे मध्ये पानं तांबूस, निस्तेज दिसली तर एक पान पांढऱ्या कागदावर झटकून बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके चालायला लागले, तर ते कोळी नावाचे बारीक किडे आहेत. त्यांना पानांच्या खालून पाण्याचा फवारा पुरतो.

फवारणीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी काम एक आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत. पडलेली ठिपक्यांची पानं रोज वेचायची. बुरशी त्याच पानांत जगते, आणि पावसाचा थेंब मातीवर आपटून उडाला की त्याबरोबर खालच्या पानावर चढते. म्हणून बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचं किंवा नारळाच्या काथ्याचं दोन इंची आच्छादन हवं. वेचलेली पानं घरच्या कंपोस्टच्या माठात टाकू नका, सकाळच्या कचरा गाडीत द्या.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या खताला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ते आपल्याच गावात तयार झालं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, जिथे आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. माळव्यातल्या शेतकऱ्यांकडे जे पडलेलं असतं, म्हणजे कपाशीच्या पळाट्या, पाला, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, ते थराथराने रचायचं, ओलं ठेवायचं, पलटायचं आणि तीन महिन्यांत काळंभोर खत काढायचं. त्या कामात त्यांच्याबरोबर होते यशवंत वाड, आणि १९३१ चा ग्रंथ दोघांच्या नावावर आहे. हॉवर्ड यांचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपल्या इंदुरातही फारसं कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नीट रचलेला तो ढीग साठ अंशांच्या वर तापतो आणि रोगाचे बीजाणू त्यात मरतात. आपला घरचा माठ तेवढा तापत नाही, म्हणून रोगट पानं त्यात नकोत.

हॉवर्ड असंही म्हणत की कीड आणि रोग हे मशागतीतली चूक दाखवून देतात, त्यांच्यावर नुसतं औषध मारणं म्हणजे निरोप्याला मारणं. माझा अनुभव असा, की मातीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे, काळ्या ठिपक्यांच्या बाबतीत अर्धंच. उत्तम खतातला गुलाबही ओल्या श्रावणात पानं टाकतो. पण चांगल्या मातीतलं झाड पानं टाकूनही दमत नाही, दसऱ्याला पुन्हा फुटतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात तुम्हाला एकच काम करायचं झालं, तर ते मातीचं करा.

तुमचे गुलाब जमिनीत, थेट काळ्या मातीत लावलेत. काळी माती पावसात फुगते, हवा कोंडते आणि मुळं गुदमरतात. मेमध्ये तीच माती तडकते आणि बारीक मुळं तुटतात. त्यावर उपाय म्हणजे वाफा जमिनीपेक्षा फूटभर उंच करायचा. कडेला विटा, आत एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कुजलेलं खत. वाफा अशा जागी, जिथे सकाळी सहा-सात तास ऊन आणि दुपारी दोननंतर सावली. इंग्लिश गुलाबाच्या पातळ पाकळ्या आपल्या उन्हात कडेने करपतात. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीलगतची जागा उत्तम. छाटणीनंतर झाडामागे दोन-तीन किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. जुलै-ऑगस्टमध्ये युरियासारखं काही घालू नका. त्याने येणारी लुसलुशीत पानं म्हणजे बुरशीला पंगत.

आता सासूबाईंच्या गुलाबाबद्दल. ताई, तो काढू नका. हे मी भावनेपोटी म्हणत नाहीये, जरी ती भावनाही मला मान्य आहे.

तुम्ही त्या फुलाचं वर्णन केलंय : गुलाबी, वाटीसारखं, पाकळ्या गच्च, सकाळी ओसरीपर्यंत वास येतो, वर्षातून चार-पाच वेळा बहर. हे वर्णन पुन्हा एकदा वाचा, आणि ऑल्ब्रायटनला काय आवडलं म्हणून लिहिलंत तेही वाचा. दोन्हीकडे जवळजवळ तेच शब्द आहेत. आपल्याकडे खुंटासाठी, हारासाठी आणि गुलकंदासाठी जो ‘एडवर्ड’ गुलाब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो बुर्बाँ कुळातला. हिंदी महासागरातल्या, पूर्वी बुर्बाँ म्हणवल्या जाणाऱ्या रेयुनियाँ बेटावरून हे कूळ निघालं, चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून. ऑस्टिन यांनी ज्या जुन्या गुलाबांवर काम उभारलं, त्यांत बुर्बाँही होते. तुमच्या अंगणातल्या झाडाची लक्षणं याच कुळाशी जुळतात. मुलीच्या देशातली फुलं आणि सासूबाईंचं झाड दूरचे नातलग आहेत, आणि त्यातला एक नातलग चौदा वर्षं इथल्या पावसात पास होतोय.

त्याचा उपयोग करून घ्या. जानेवारीत त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब दहा-बारा काड्या कापा, निम्म्या उंचीपर्यंत वाळू-मातीत खोचा, सावलीत ठेवा. मार्चपर्यंत चार-पाच तरी जगतील. पुढच्या थंडीत त्यांच्यावर तुमच्या आवडत्या इंग्लिश गुलाबाचा डोळा भरून घ्या. एखादा जुना माळी हे काम पाच मिनिटांत करतो, आणि शिकायचं म्हटलं तर तुम्हालाही जमेल : सालीवर इंग्रजी ‘टी’सारखा काप, त्यात डोळा सरकवायचा, वरून पट्टी, डोळा तेवढा उघडा. तुमच्या मातीला सरावलेला खुंट मिळाला की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती : लेकीला येताना बॅगेतून दोन रोपं आणायला सांगू का? सांगू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून रोप आणायला आधी परवाना आणि तिथल्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर रोप जप्त झालं तर नुकसान दोन रोपांचं. न सापडता आलं आणि त्याबरोबर नवा रोग आला तर नुकसान आपल्या सगळ्यांचं.

नवं झाड घ्यायचंच असेल तर यंदा तीन नको, एकच. आणि ‘इंग्लिश गुलाब’ या नावाने घेऊ नका, जातीचं नाव विचारा आणि शक्यतो फूल असताना घ्या. मी एकदा एका दुकानातून ‘ग्रॅहम थॉमस’ म्हणून आणलेलं झाड पहिल्याच कळीला गुलाबी उमललं. वर्षभर पिवळ्या फुलाची वाट पाहिली होती. ठेंगण्या आणि निरोगी म्हणून त्यांच्याकडे नावाजलेल्या जाती म्हणजे पिवळा ‘मॉलिन्यू’ (१९९४), गडद लाल ‘डार्सी बसेल’ (२००६), फिकट गुलाबी ‘ऑलिव्हिया रोझ ऑस्टिन’ (२०१४). नारिंगी ‘लेडी ऑफ शॅलॉट’ (२००९) ऊन बऱ्यापैकी सोसतो, पण मोठा होतो. मिळेल तो एक घ्या आणि त्याची परीक्षा गणपतीत घ्या. वाफ्याच्या पुढच्या कडेला खरंच गुडघ्याएवढंच झाड हवं असेल तर ‘द फेअरी’ लावा. १९३२ चा आहे, बारीक गुलाबी फुलांचे घोस येतात, वास मात्र नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘मोहिनी’ आणि ‘हिमांगिनी’ यांचाही विचार करा. इकडच्या हवेत निवडलेले गुलाब इकडे टिकतात, ही साधी गोष्ट आहे. कोडाईकनालचे वीरू वीरराघवन तर याच विचाराने पाणथळ जागी वाढणारा आपला रानगुलाब, रोझा क्लायनोफायला, संकरासाठी वापरत आले आहेत. हे काम आणखी पुढे जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

यजमानांना माझा निरोप सांगा, मोगराही लावा. उन्हाळ्यात गुलाब मलूल असतो तेव्हा अंगण मोगऱ्याचंच असतं.

राहिली लेकीच्या येण्याची गोष्ट. तिला इंग्लंडातली बाग इंदुरात दाखवायची आहे असं तुम्ही लिहिलंय. पण ती ज्या बागेतून येतेय ती तिथे डिसेंबरात उघडी-बोडकी असेल, तिच्या डोळ्यांना महिनाभर एकही गुलाब दिसलेला नसेल. आपल्याकडे त्याच वेळी गुलाबाचा सगळ्यात चांगला हंगाम सुरू होतो. आजी गेली तेव्हा ती शाळेत होती ना? तिला त्या ओसरीवरच्या वासाची आठवण आहे का, हे एकदा फोनवर विचारून बघा.

ती डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतेय. छाटणीपासून फुलापर्यंत आपल्या थंडीत सात ते आठ आठवडे लागतात. म्हणजे सासूबाईंचा गुलाब आणि ते सहा फुटी झाड (गाठीच्या वरून वाढलेलं निघालं तर) ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटा. इंग्लिश गुलाबाचा एक तृतीयांशच भाग काढायचा, हायब्रीड टीसारखा (लांब दांड्याच्या नेहमीच्या गुलाबासारखा) फूटभरावर आणायचा नाही. सासूबाईंच्या झाडाच्या निम्म्या फांद्या त्या दिवशी आणि उरलेल्या बरोबर आठ दिवसांनी. म्हणजे ती उतरेल त्या दिवशी पहिली फुलं असतील, आणि नववर्षाच्या सकाळी दुसरी.